शिडीच्या कारखान्याला डॉक्टर हवा

सोमवार, ४ मार्च

कारखान्यात एकही डॉक्टर नाही. आज सकाळी साडेनऊला हे मालकांच्या लक्षात आलं आणि तेव्हापासून दुसरा विषय नाही.

झालं असं. एका मोठ्या गिऱ्हाइकाने फॉर्म पाठवलाय. शिड्या घ्यायच्या आधी आमची माहिती हवी. नव्वद प्रश्न. मालकांनी सगळ्या खातेप्रमुखांना समोर बसवून फॉर्मची झेरॉक्स मोठ्याने वाचली. साठावा— पदवीधर किती? एकसष्टावा— त्यात इंजिनिअर किती? बासष्टावा, पान उलटून— डॉक्टर किती? तिथे घोडं अडलं. डॉक्टर म्हणजे डॉक्टरेट केलेले, हे कोणाला सांगावं लागलं नाही. वरचे दोन्ही प्रश्न शिक्षणाचेच होते.

"शून्य लिहायचं?" मालकांनी विचारलं. "तीस वर्षं मी लोकांना वर चढवतोय. आणि स्वतःच्या फॉर्मवर शून्य?"

तांत्रिक संचालकांची खुर्ची डिसेंबरपासून रिकामी आहे. ती आता, जो आधी डॉक्टर होईल त्याची. निदान चांगल्या मान्यताप्राप्त बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश घेऊन दाखवायचा, एप्रिल संपायच्या आत. दूरशिक्षणानेच— कामावर रजा मिळणार नाही.

दावेदार दोनच. तपासणीखात्याची मी आणि विक्रीचे प्रमुख— विक्रीवाले.

विक्रीवाल्यांचं म्हणणं मला पाठ आहे. "मॅडम, शिडीवर एक तास कोण उभं राहतं? दहा मिनिटं वजन टांगा, सोडा पुढे." मी प्रत्येक खेपेतल्या नमुन्याच्या शिड्यांच्या पायरीला दीडशे किलो वजन एक तास टांगते. त्यांचा माल तिथे अडून राहतो. ते खुर्चीत बसले तर तो तास गेला.

म्हणून मला डॉक्टर व्हायचंय. निदान घरी हेच सांगितलं.

मंगळवार, ५ मार्च

हे पूर्ण खरं नाही. बाविसाव्या वर्षी पुढे शिकायचं होतं. कोणी अडवलं नाही. कोणी विचारलंच नाही. आता एकोणपन्नास.

शनिवार, ९ मार्च

चार दिवस सकाळचा चहा घेता घेता शाळा बघतेय. एकोणीस झाल्या. सगळ्याच नामांकित, सगळ्याच मान्यताप्राप्त, सगळ्यांच्या पहिल्या पानावर एक बाई लॅपटॉपकडे बघून हसतेय. दोन शाळांत तीच बाई. एका शाळेत ती प्राध्यापक आहे, दुसरीत विद्यार्थिनी.

मान्यता म्हणजे काय, हे आधी मला सरळ वाटलं होतं. बाहेरचं स्वतंत्र मंडळ येतं, शाळा तपासतं, शिक्का देतं. आमच्याकडे होतं तसंच. पण एका शाळेला अकरा शिक्के, एकीला तीन, एकीला एकच. मग अकरावाली सर्वांत चांगली?

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आहे. अकरावालीचे सगळे शिक्के छापून त्याच्याकडे नेले. त्याने गिऱ्हाईक बाजूला बसवून भिंग काढलं. शिक्क्यांच्या कडेने बारीक अक्षरं असतात, ती साध्या डोळ्यांनी दिसत नाहीत. तो वाचत गेला, मी लिहीत गेले.

पहिला— "सदस्य". म्हणजे वर्गणी भरली, तपासलं कोणी नाही. दुसरा— "अर्जदार". तिसरा— "मान्यतेच्या वाटेवर". वाटेवर कधीपासून? खाली साल होतं. सतरा वर्षं वाटेवर आहेत. चौथा शिक्का शाळेच्या उपाहारगृहाच्या स्वच्छतेचा. पाचवा खरा होता, पण शेजारच्या गावातल्या दुसऱ्याच अभ्यासक्रमाला मिळालेला.

"नाव सोनूबाई," नवरा म्हणाला आणि भिंग पुसलं.

बाजूला बसवलेलं गिऱ्हाईक म्हणालं, माझ्या मेहुण्याने तिथूनच केलंय, आता त्याला घरात सगळे सर म्हणतात.

बुधवार, १३ मार्च

अकरा शिक्क्यांतले सहा एकाच मंडळाचे निघाले. जेवणाच्या सुट्टीत घरी आले आणि मंडळाला फोन केला. सासूबाई सोफ्यावर होत्या, म्हणाल्या, स्पीकरवर लाव, मलाही करमणूक.

एका बाईने उचलला. गोड आवाज, थोडी सर्दी. "नमस्कार, मान्यता मंडळ."

मी विचारलं, "तुम्ही शाळांना मान्यता देता. तुम्हाला मान्यता कोण देतं?"

"चांगला प्रश्न आहे ताई," ती म्हणाली. "आम्हाला महापरिषद देते." महापरिषदेचा नंबर दिला.

तो लावला. "नमस्कार, महापरिषद." सर्दी तीच.

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "अगं बाई, आत्ताच बोललो ना आपण? काढा घे काहीतरी सर्दीला."

पलीकडे एक शिंक. मग ती म्हणाली, "आजी, मी दोन्हीकडे असते. तिसरंही मंडळ होतं, ते सोडलं. झेपत नव्हतं."

मी विचारलं, मग महापरिषदेला मान्यता कोणाची? ती म्हणाली, त्या शाळेच्या संस्थापकांची. शाळेला मंडळाची, मंडळाला महापरिषदेची, महापरिषदेला शाळेची. खोटं बोलली नाही. विचारलं तेवढं सरळ सांगितलं. ठेवताना सासूबाईंना म्हणाली, काढा नक्की घेते.

सोमवार, १८ मार्च

विक्रीवाल्यांना प्रवेश मिळाला. अकरा शिक्क्यांची शाळा. मुलाखत चार मिनिटं झाली, त्यातली दोन आवाज येतोय का यात गेली.

सोमवार, २५ मार्च

विक्रीवाले डॉक्टर झाले.

आठवड्यात. मी कॅन्टीनमध्ये ऐकलं तेव्हा हातातला टोस्ट चहात पडला. शाळेने त्यांना अनुभवाचं श्रेय दिलं. अठरा वर्षं विक्री म्हणजे अभ्यासक्रम झालाच, वार्षिक विक्रीअहवाल म्हणजे प्रबंध. उरला एक विषय, त्याची परीक्षा त्यांनी शनिवारी दिली. पन्नास गुणांची, त्यांना चोपन्न मिळाले.

त्यांच्या केबिनच्या दारावर पाटी लागली आहे. त्यांचा चेहरा मात्र मी नीट पाहिला. आनंदी नव्हता. लग्नात दुसऱ्याचा कोट घालून आलेल्या माणसासारखा होता.

मालकांनी मला बोलावलं. "प्रमाणपत्र तपासून द्या. तपासणी तुमचंच खातं आहे."

"साहेब, मी या शर्यतीत आहे. मी कशी तपासणार?"

"म्हणून तर बारकाईने तपासाल."

बुधवार, २७ मार्च

शाळेचा पत्ता आपल्याच शहरातला निघाला. बस डेपोच्या मागे, छापखान्याच्या वरचा मजला. जिन्याला कठडा नाही. दारावर "जागतिक" लिहिलंय, बाकीचं नाव दार उघडलं की भिंतीमागे जातं.

आत एक खोली. भिंतीवर अकरा फ्रेमा. एक कपाट, त्यावर "ग्रंथालय". कपाटाला कुलूप. आणि टेबलावर तीन रंगांचे तीन फोन, त्यांच्यामागे लोकरी जाकीट घातलेली, पन्नाशीची बाई.

"तुम्ही ताई ना?" ती म्हणाली. "आजी कशा आहेत? काढ्याने बरं वाटलं."

मी म्हटलं, मी प्रमाणपत्र तपासायला आलेय. तिने वही काढली, विक्रीवाल्यांचं नाव दाखवलं. सगळं रीतसर. मग मी कपाट उघडायला सांगितलं. तिने किल्ली शोधली. आत छत्री, तिचा डबा आणि "यशस्वी व्यवस्थापनाची एकवीस सूत्रं" या पुस्तकाच्या तीनशे प्रती.

"कुलगुरू कुठे आहेत?"

"खाली. छापखाना त्यांचाच आहे."

तेवढ्यात हिरवा फोन वाजला. तिने हात वर करून मला थांबवलं, उचलला, आवाज जरा खाली आणला, "महापरिषद" म्हणाली. पलीकडचा माणूस शाळेबद्दल खात्री करून घेत होता. तिने दिली. ठेवला. माझ्याकडे बघेना.

"का करता हे?" मी विचारलं.

"फोन उचलायची नोकरी होती," ती म्हणाली. "नंतर फोन वाढले."

शुक्रवार, २९ मार्च

अहवाल दिला. एक पान. शाळा, मंडळ, महापरिषद, परत शाळा— ही शिडी वर किंवा खाली कुठेच टेकलेली नाही, असं लिहिलं.

मालकांनी दोनदा वाचला. "म्हणजे शिक्के खोटे आहेत?"

"शिक्के खरे आहेत. त्यांच्यामागे कोणी नाही."

"खरे आहेत ना," मालक म्हणाले आणि त्यांना हायसं वाटलेलं मला दिसलं. "फॉर्मवर डॉक्टर किती ते विचारलंय, कसे ते नाही." माझ्यासमोर शून्य खोडून एक केला.

विक्रीवाले सोमवारपासून तांत्रिक संचालक.

मंगळवार, २ एप्रिल

चाचणी दहा मिनिटांची झाली. लेखी हुकूम आला. मी लेखी विरोध केला. विरोधावर "पोच मिळाली" असा शेरा मारून तो परत आला.

मग शिड्यांना वजन टांगलं, दहा मिनिटं मोजली, उतरवलं आणि खेपेवर शिक्का मारला. शिक्का माझ्याच खात्याचा. माझ्याच हाताने. दुपारपर्यंत एकशे साठ.

शुक्रवार, ५ एप्रिल

फोनवाल्या बाईचा फोन आला. तिच्या स्वतःच्या मोबाईलवरून, म्हणून आधी ओळखलाच नाही.

"ताई, तुम्हाला खरंच करायचंय ना?" म्हणाली. "मग शिक्के मोजू नका. शाळेला एकच विचारा— किती जण मध्येच सोडून गेले? खोटी शाळा म्हणते, एकही नाही. खरी शाळा जरा गप्प बसते."

एका शाळेचं नाव दिलं. त्यांना तिच्या मंडळाने फुकट शिक्का देऊ केला होता. त्यांनी पत्र पाठवलं— तुम्ही आम्हाला कधी पाहिलं नाहीत तर मान्यता कशी देता? "असं पत्र एवढ्या वर्षांत एकच आलं," ती म्हणाली. "मी जपून ठेवलंय."

सोमवार, १५ एप्रिल

त्या शाळेत मुलाखत झाली. पडद्यावर एक वयस्क प्राध्यापकबाई, मागे पुस्तकांनी वाकलेली फळी. एकच खरा शिक्का आहे त्यांना, नवऱ्याने तो भिंगाखाली घालून पाहिलाय. बारीक अक्षरांत फक्त तारीख होती.

मी आधीच विचारलं, किती सोडून जातात?

त्या गप्प बसल्या. मला बरं वाटलं.

"दहातले सहा," म्हणाल्या. "उरलेल्यांना सहा-सात वर्षं लागतात. म्हणूनच आमची मान्यता पुढच्या फेरीत टिकेल की नाही, माहीत नाही. मंडळाला वाटतं आम्ही फार कमी लोक पार पाडतो. दोन वर्षांनी आमच्याकडे शिक्का नसेल कदाचित. हे आज सांगितलेलं बरं."

मग माझा विषय मागितला. मी वाचला— गुणवत्ता व्यवस्थापनातील आधुनिक प्रवाह.

"हा प्रश्न नाही. हा मथळा आहे. तुम्हाला काय कळत नाही?"

दीड तास. तीन वेळा मला फोन ठेवून द्यावासा वाटला. शेवटी वैतागून म्हटलं, "मी शिडीवर शिक्का मारते. लोक शिक्का बघतात आणि चढतात. शिडीकडे कोणी बघत नाही. का?"

"हं," त्या म्हणाल्या. "हे लिहून काढा. कच्चं आहे अजून, पण प्रश्न आहे."

फोन बंद केला. सासूबाई म्हणाल्या, "कोण ती? मोठी जाऊ धाकटीला घरकाम शिकवते, तशी बोलत होती."

गुरुवार, १८ एप्रिल

तीन शिक्क्यांचीही एक शाळा आहे. मोठी, खरी. तीनही शिक्के पक्के. तिथे मुलाखत नाही, अर्ज भरायचा. चार वर्षांत होतं. मार्गदर्शक कोण ते नंतर कळवतात. किती सोडून जातात विचारलं तर एक तक्ता पाठवला, तो उघडतच नाही.

पक्की शाळा, जिथे मला कोणी विचारत नाही. आणि जिथे विचारतात, तिचा शिक्काच डळमळीत.

दुकानात नवऱ्याने मला खुर्चीत बसवलं, नाकावर ती जड गोल फ्रेम चढवली आणि भिंगं बदलत राहिला. "पहिलं बरं की दुसरं?"

"अरे, मी शाळेचं विचारतेय."

"मीपण. पहिलं की दुसरं?"

"पहिल्याने बरं वाटतं. दुसऱ्याने स्वच्छ दिसतं, पण डोळे दुखतात."

"दुखतात म्हणजे तुझा नंबर बदललाय," तो म्हणाला. "पहिला तुझा जुना आहे."

हा माणूस वीस वर्षांत एकदा असं काहीतरी बोलतो आणि मग नवीन चष्मा विकतो. विकला.

शुक्रवार, २६ एप्रिल

सकाळी अकराला फाटकावर पाटी रंगवणारा पडला.

आमच्याच शिडीवरून. कारखान्याच्या मोठ्या पाटीवर तो विक्रीवाल्यांच्या नावाआधी "डॉ." लिहीत होता. "डॉ" लिहून झाला, टिंब द्यायला पायरीच्या टोकाला सरकला आणि पायरी त्या बाजूने सुटली. फुलझाडांच्या वाफ्यात पडला म्हणून वाचला. मनगट मोडलं.

पहारेकरी ओरडला, "डॉक्टरांना बोलवा." कोणीतरी धावत वर गेलं आणि खरंच बोलावून आणलं.

विक्रीवाले धापा टाकत आले. सगळे बाजूला सरले. पाटीवाला वाफ्यात बसलेला, हात सूज येऊन वाकडा झालेला, तो त्याने विक्रीवाल्यांपुढे धरला. विक्रीवाल्यांनी तो दोन्ही हातांनी अलगद धरला. आणि तसेच उभे राहिले.

"मी तो डॉक्टर नाही हो," ते म्हणाले.

"असं कसं," पाटीवाला म्हणाला. दुखण्याने त्याचे ओठ पांढरे पडले होते. "आत्ताच मी लिहिलंय."

मी त्याला गाडीतून दवाखान्यात नेलं. विक्रीवाले मागच्या सीटवर त्याचा हात मांडीवर धरून बसले. सिग्नलला मी आरशात पाहिलं तर ते रडत होते, पण हात हलू देत नव्हते.

शनिवार, २७ एप्रिल

त्याच खेपेतल्या आणखी बारा शिड्यांना वजन टांगलं. पूर्ण तास. चार शिड्यांच्या पायऱ्यांचे रिव्हेट सुटले— विसाव्या मिनिटापासून चाळिसाव्यापर्यंत.

दहा मिनिटांत एकही सुटला नव्हता. चारही शिड्यांवर माझा शिक्का आहे.

गेलेला माल परत बोलावला. हुकूम कोणाचा म्हणून विक्रीवाल्यांनी विचारलं नाही. यादी त्यांनीच काढून दिली. गिऱ्हाइकांना फोनही त्यांनीच केले.

सोमवार, २९ एप्रिल

मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस आला. फॉर्म हातात. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे एक डॉक्टर आहेत असं लिहिलंय. शुक्रवारी माणूस पडला तेव्हा ते कुठे होते?"

मालक म्हणाले, "केबिनमध्ये."

"आणि उपचार बाहेर का?"

मग जो गोंधळ झाला तो मी आयुष्यभर विसरणार नाही. त्याने आपला मूळ फॉर्म काढला. बासष्टाव्या प्रश्नाच्या वर, पानाच्या अगदी डोक्याला, एक ओळ होती— "अपघात आणि प्रथमोपचार". आमच्या झेरॉक्सवर ती कापली गेली होती. कागद जरा खाली सरकला होता मशीनमध्ये. एवढंच.

डॉक्टर म्हणजे डॉक्टर. नाडी बघणारे.

मालकांनी झेरॉक्स मूळ फॉर्मवर ठेवून पाहिली. "मग डॉक्टरेट?"

"त्याचा शिड्यांशी काय संबंध?" गिऱ्हाइकाचा माणूस म्हणाला. खरोखर कुतूहलाने.

मंगळवार, ३० एप्रिल

आठवड्यातून तीन दिवस खऱ्या डॉक्टरीणबाई येणार. विक्रीवाल्यांची केबिन त्यांना दिली. दारावर "डॉ." होतंच, फक्त पुढचं नाव बदललं.

विक्रीवाले परत विक्रीत. दारावरचं नाव बदलताना मी तिथे होते. म्हणाले, "मॅडम, तो तास परत सुरू करा." मी म्हटलं, केलाय. मग त्यांनी माझ्या शाळेचं नाव विचारलं, मी सांगितलं.

मालकांनी खुर्ची मला दिली. "डॉक्टरेट वगैरे राहू दे आता. त्याची गरज नाही."

शनिवार, ४ मे

गरज नाही.

खुर्ची मिळाली, तास मिळाला. ज्यासाठी करायचं म्हणून घरी सांगितलं होतं ते सगळं हातात आहे. मग सकाळपासून उपाशी असल्यासारखं का वाटतंय?

सासूबाईंना सांगितलं, आता नाही करणार. त्या वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं. त्रास वाचला." मग दहा-बारा शेंगा सोलून झाल्यावर, "लग्न होऊन आलीस तेव्हा तुझी एक पेटी होती पुस्तकांची. माळ्यावर मीच टाकायला लावली. जागा नव्हती, हे खरं. पण विचारायला हवं होतं तुला."

सत्तावीस वर्षांनी. वाटाणे सोलता सोलता. त्यांच्यासमोर बसून सोलू लागले.

सोमवार, ६ मे

अर्ज पाठवला. एका शिक्क्याच्या शाळेला. "कारण" या रकान्यात काही सुचेना, "कळून घ्यायचं आहे" एवढंच लिहिलं.

प्रश्न तोच ठेवला, घासूनपुसून— शिक्का दिसला की लोक शिडीकडे का बघत नाहीत?

गुरुवार, १६ मे

प्राध्यापकबाईंचा फोन. मंडळाची पाहणी लवकर आली. शिक्का बहुतेक जाणार. "तुम्ही अर्ज मागे घेतलात तर मी समजू शकते. पुढे पदवी मिळाली तरी ती कोण मानेल, सांगता येत नाही."

सहा वर्षं. त्यानंतर एक कागद, जो कदाचित कोणीच मानणार नाही. अकरा शिक्क्यांचा कागद मात्र आठवड्यात मिळतो आणि सगळे मानतात.

"पहिलं काय वाचू?" मी विचारलं.

त्यांनी चौदा पुस्तकं सांगितली. मी थांबवलं नाही.

शुक्रवार, १७ मे

फोनवाल्या बाईने नोकरी सोडली. सासूबाईंना कळवलं, मला नाही.

बुधवार, ५ जून

प्रवेशाचं पत्र आलं. यंदा नवीन विद्यार्थी दोनच. सहा वर्षं एकमेकांचं लिखाण वाचायचं, एकमेकांच्या चुका काढायच्या, असा त्यांचा नियम आहे. दुसऱ्याचं नाव आणि प्रश्न सोबत जोडलाय.

दुसरे विक्रीवाले आहेत.

त्यांचा प्रश्न— दहा मिनिटं पुरतात असं मला खरंच वाटत होतं, की तसं वाटणं माझ्या सोयीचं होतं?

खाली प्राध्यापकबाईंच्या हातची एक ओळ, मला उद्देशून. तुमच्या प्रश्नात फक्त चढणारे लोक आहेत, शिक्का मारणारा हात नाही. त्यांचा प्रश्न तुमच्यापेक्षा चांगला आहे.

आहे.